पाठीतल्या पाण्यातलं ग्लायसिन: नमुना कसा घ्यावा, आकडा कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा. पूर्ण दिवसांचं, जन्मताच रडलेलं बाळ दुसऱ्या दिवसापासून सुस्त झालं. दूध ओढेना, अंग लुळं पडलं, सारखी उचकी आणि मग झटके सुरू झाले. ईईजीमध्ये बर्स्ट सप्रेशन, म्हणजे लहरींचे झोत आणि मध्ये शांतता, आहे. अमोनिया नॉर्मल, रक्तात आम्लता नाही, लघवीत कीटोन नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी काढलेल्या सीएसएफमध्ये, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात, ग्लायसिन हे अमिनो आम्ल ४२ मायक्रोमोल प्रति लिटर आलं. त्यानंतरच्या दिवशी संध्याकाळी घेतलेल्या रक्ताच्या प्लाझ्मात ६४० आलं. सीएसएफ भागिले प्लाझ्मा हे गुणोत्तर ०.०६६. सीएसएफ फिकट गुलाबी होतं. हा नॉनकीटोटिक हायपरग्लायसिनेमिया (एनकेएच), म्हणजे ग्लायसिन तुटत नसल्याचा जन्मजात आजार, मानायचा की रक्त मिसळल्याचा परिणाम? नमुना पुन्हा घ्यायचा तर कसा? शिवाय विभागातल्या एका विद्यार्थ्याला उणे २० अंशांवर ठेवलेल्या जुन्या सीएसएफ नमुन्यांत प्रबंधासाठी ग्लुटामेट आणि गाबा ही मेंदूतली संदेशवाहक रसायनं मोजायची आहेत. ते चालेल का?

आधी बाळाविषयी. फिकट गुलाबी सीएसएफमध्ये ४२ ग्लायसिन केवळ रक्त मिसळल्याने येत नाही. एनकेएचची शंका पक्की धरूनच पुढे चला. ०.०६६ हा आकडा मात्र जसाच्या तसा केस पेपरवर निदान म्हणून लिहू नका, कारण त्याचा अंश एका दिवसाचा आणि छेद दुसऱ्या दिवसाचा आहे.

रक्ताचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येक वेळी करावा. नवजात बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी ढोबळमानाने ५० लाख प्रति मायक्रोलिटर असतात. सीएसएफमध्ये ५,००० पेशी दिसल्या तर मिसळलेलं रक्त ०.१ टक्का झालं. प्लाझ्मात ग्लायसिन ६४० असताना एवढ्या रक्ताने सीएसएफचं ग्लायसिन ०.६ ने वाढेल, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पेशींच्या आतलं ग्लायसिनही प्लाझ्माच्याच घरातलं असतं, त्यामुळे पेशी फुटल्या तरी या हिशेबात मोठा फरक पडत नाही. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की जितके टक्के रक्त मिसळलं, तितक्याच शतांशाने गुणोत्तर वर सरकतं. १ टक्का रक्त म्हणजे ०.०१. नॉर्मलच्या वरच्या टोकापासून, म्हणजे ०.०२ पासून, ०.०६६ वर जायला साडेचार टक्क्यांहून जास्त रक्त लागेल. तेव्हा पेशींची संख्या सव्वादोन लाखांच्या पुढे जाईल आणि नळीतलं पाणी गुलाबी नव्हे, लालभडक असेल.

पेशींची मोजणी झाली नसेल तर प्रथिनांवरून पडताळा घ्या. नवजात बाळाच्या प्लाझ्मात प्रथिनं ५ ते ६ ग्रॅम प्रति डेसिलिटर असतात. साडेचार टक्के प्लाझ्मा मिसळला तर सीएसएफची प्रथिनं त्यानेच सव्वादोनशे मिलिग्रॅमने वाढतील. तुमच्या बाळाची सीएसएफ प्रथिनं या वयात नेहमी दिसतात तशी शंभरच्या आसपास असतील, तर रक्ताचा मुद्दा तिथेच मिटला. जुना रक्तस्राव झालेल्या बाळात पेशी फुटून गेलेल्या असतात आणि मोजणी फसवते, पण प्रथिनं आणि पिवळसर रंग फसवत नाहीत. तिसरा पडताळा अमिनो आम्लांच्या त्याच रिपोर्टमध्ये असतो. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन पाहा. प्लाझ्मा शिरला असेल तर ग्लायसिनसोबत हेही वर गेलेले दिसतात. ते जागच्या जागी असून ग्लायसिन एकटंच उंच असेल तर कारण बाहेरून आलेलं नाही.

आता गुणोत्तर. प्लाझ्मात ग्लायसिन काहीशेच्या घरात असतं आणि निरोगी नवजाताच्या सीएसएफमध्ये फार तर २० च्या आसपास, पुढे १० च्याही खाली. हा मोठा उतार टिकतो तो रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीमुळे आणि मेंदूतल्या ग्लायसिन तोडणाऱ्या एन्झाइम-साखळीमुळे. ही साखळी एनकेएचमध्ये मेंदूतच बंद असते, हे व्हँकूवरच्या पेरी यांच्या गटाने १९७५ मध्ये दाखवलं. म्हणूनच नुसत्या प्लाझ्मावर निदान करता येत नाही. काही बाळांचं प्लाझ्मा ग्लायसिन नॉर्मलच्या आतही सापडतं. नेहमीचा दंडक असा: ०.०२ पर्यंत नॉर्मल, ०.०८ च्या वर गेलं की नमुनेदार एनकेएच, आणि मधल्या पट्ट्यात सौम्य एनकेएचपासून चुकीच्या नमुन्यापर्यंत काहीही.

तुमचा आकडा या मधल्या पट्ट्यात पडला, पण तो तिथे पडण्याचं कारण छेद आहे. सीएसएफ काढलं त्या क्षणी प्लाझ्मा ग्लायसिन ४०० असेल तर गुणोत्तर ०.१०५ होतं. ९०० असेल तर ०.०४७. कुठूनही गेलात तरी नॉर्मल येत नाही. सौम्य की तीव्र, हे मात्र यावरून ठरवता येत नाही. दोन नमुन्यांच्या मधल्या काळात बाळाला सोडियम बेंझोएट सुरू केलं होतं का, हे आवर्जून तपासा. बेंझोएट ग्लायसिनला हिप्पुरेट बनवून लघवीवाटे बाहेर काढतं, प्लाझ्मा आधी खाली येतो आणि गुणोत्तर फुगतं. शिरेतून पोषण चालू असेल तर त्या द्रावणातच ग्लायसिन असतं, आणि मग छेद उलट दिशेला फसवतो.

सीएसएफ ग्लायसिन वाढवणाऱ्या बाकीच्या गोष्टींपैकी सगळ्यात आधी व्हॅल्प्रोएट पाहा. ते हीच एन्झाइम-साखळी दाबतं, म्हणून एनकेएचची शंका असेपर्यंत ते देऊ नये आणि दिलं असेल तर बंद करावं. जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळांतही ग्लायसिन काही दिवस वर राहतं. तुमचं बाळ जन्मताच रडलं, त्यामुळे ही शक्यता मागे पडते, पण संपत नाही. काही दिवसांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीत अशा बाळांचं ग्लायसिन उतरतं, एनकेएचचं उतरत नाही. पीएनपीओ या एन्झाइमच्या कमतरतेत ग्लायसिनबरोबर थ्रिओनिनही वाढलेलं असू शकतं. तो आजार पायरिडॉक्सल फॉस्फेटला (बी६ जीवनसत्त्वाच्या एका रूपाला) दाद देतो, म्हणून त्याची चाचणी-मात्रा रिपोर्टची वाट न पाहता, श्वासावर लक्ष ठेवून द्यावी. लिपोइक आम्ल तयार होण्यातल्या दोषांत ग्लायसिनसोबत लॅक्टेट वाढतं. प्रोपिऑनिक आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमियात प्लाझ्मा ग्लायसिन चढतं, पण आम्लता आणि लघवीतली सेंद्रिय आम्लं ते उघड करतात. ती तपासणी झाली नसेल तर आजच पाठवा.

जनुकांची तपासणीही आत्ताच पाठवा, दुसऱ्या सीएसएफसाठी थांबू नका. बहुतेक रुग्णांत दोष जीएलडीसी या जनुकात असतो, उरलेल्यांत बहुधा एएमटी या जनुकात. मागणीपत्रावर 'एक्सॉन गळती तपासा' असं स्पष्ट लिहा. जीएलडीसीमध्ये एक किंवा अनेक एक्सॉन, म्हणजे जनुकाचे तुकडे, गळालेले बरेचदा सापडतात आणि साध्या वाचनात ते निसटतात. एमआरआय करणार असाल तर स्पेक्ट्रोस्कोपीही (त्याच यंत्राने मेंदूतली रसायनं पाहणं) मागा. ग्लायसिनची रेषा ३.५५ पीपीएमला येते आणि मायो-इनोसिटॉल तिच्यावरच बसतं. एको टाइम १४४ मिलिसेकंद ठेवला की इनोसिटॉल विरतं आणि ग्लायसिन उरतं.

नमुना पुन्हा घ्यायचाच, आणि शक्यतो बेंझोएट सुरू करण्यापूर्वी. बाळाची प्रकृती औषधासाठी थांबू देत नसेल तर मात्र औषध आधी. मग वेळ आणि मात्रा कागदावर नोंदवा.

बाळाच्या शेवटच्या दुधाला तीन-चार तास झालेले असावेत. आधी रक्त, लगेच पाठीचं पंक्चर. दोन्हींमध्ये १५-२० मिनिटांहून जास्त अंतर नको. पंक्चरला तासभर झगडावं लागलं तर ते संपल्यावर रक्त पुन्हा घ्या. रक्त हेपरिनच्या नळीत, बर्फावर, आणि अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा. नवजाताकडून दीड-दोन मिलिलिटर सीएसएफपेक्षा जास्त घ्यायचं नसतं, म्हणून थेंबांची वाटणी आधी ठरवा. २० थेंब म्हणजे साधारण १ मिलिलिटर. पहिले ८-१० थेंब कल्चरला, कारण सुईने ओढून आणलेलं रक्त बहुधा त्यातच उतरतं. पुढचे १० अमिनो आम्लांसाठी, त्यापुढचे १० पेशी, प्रथिनं, ग्लुकोज आणि लॅक्टेटसाठी, उरलेले राखीव. अमिनो आम्लांच्या शेजारची नळीच पेशींसाठी द्यायची, म्हणजे वरचा हिशेब त्याच पाण्याला लागू पडतो. नळी साधी पॉलिप्रॉपिलीनची, झाकणाची, कोणतंही रसायन नसलेली आणि आधीच बर्फात ठेवलेली हवी.

बर्फाबद्दल आग्रहाने सांगतो. पुस्तकातलं 'खोलीचं तापमान' म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात ते ४० च्या वर असतं आणि नमुना नेमका तिथेच वॉर्डबॉयची वाट पाहत पडून राहतो. रुंद तोंडाचा थर्मास, त्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, एवढं पुरेसं आहे. नुसत्या खड्यांवर ठेवलेली नळी सगळीकडून गार होत नाही. प्रकाशापासून झाकण्याची गरज टेरिन्स या रसायनांना असते, अमिनो आम्लांना नाही.

हातमोजे घातल्याशिवाय नळीच्या तोंडाला हात लावू नका. निनहायड्रिनने गुन्ह्याच्या जागेवरचे बोटांचे ठसे उमटवतात ते घामातल्या अमिनो आम्लांमुळे, आणि घामात सगळ्यात जास्त असतं सेरीन, त्याखालोखाल ग्लायसिन. नेमकी हीच दोन आपल्याला मोजायची आहेत.

नमुना स्वच्छ दिसला तरी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा: ४ अंशांवर, ८०० ते १००० जी (गुरुत्वाच्या इतक्या पट), १० मिनिटं. वरची निवळ हळूच ओढून घ्या आणि तळाचे ५० मायक्रोलिटर सोडून द्या. पेशींसकट गोठवलेला नमुना वितळताना त्या फुटतात आणि ग्लुटामेट, ॲस्पार्टेट, टॉरिन बाहेर येतं. ते मागे काढता येत नाही. निवळीचे २००-२०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० वर ठेवा. घरगुती पद्धतीचा, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर टाळा. तो ठरावीक वेळाने आतून कोमट होतो आणि नमुना न कळत अनेकदा वितळून गोठतो.

बाहेरगावी पाठवताना जाड थर्माकोलच्या पेटीत दर २४ तासांच्या प्रवासाला अडीच ते साडेचार किलो कोरडा बर्फ धरा. पेटी हवाबंद करू नका, वायूला वाट हवी. नळीचं झाकण मात्र पॅराफिल्म गुंडाळून घट्ट करा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड आत शिरून नमुना आम्ल होतो. सोबतच्या कागदावर वय दिवसांत, शेवटच्या दुधाची वेळ, दोन्ही नमुन्यांच्या वेळा, सगळी औषधं, पेशींची संख्या आणि प्रथिनं लिहा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर प्रयोगशाळेला आकडा देता येतो, अर्थ देता येत नाही.

आता प्रयोगशाळेतलं काम. सीएसएफमध्ये प्रथिनं थोडी असतात, म्हणून प्लाझ्माची पद्धत आहे तशी लावली तर नमुना विनाकारण पातळ होतो. २०० मायक्रोलिटर सीएसएफमध्ये ३० टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे २० मायक्रोलिटर घाला. त्याच आम्लात नॉरल्युसिन अंतर्गत मानक (तुलनेसाठी ठाऊक मात्रेचं द्रव्य) म्हणून अशा हिशेबाने विरघळवलेलं असावं की शेवटी ते २५ मायक्रोमोलच्या आसपास येईल. प्लाझ्मासाठी ठेवतो तितकं जास्त मानक इथे घातलं तर त्याची उंच पीक (आलेखावरचा उंचवटा) शेजारच्या बुटक्या पीकवर आडवी होते. ढवळून बर्फावर ३० मिनिटं ठेवा, मग १२,००० जीवर १० मिनिटं फिरवा. साका घट्ट बसला की निवळ लिथियम सायट्रेटच्या पीएच २.२ च्या बफरमध्ये. आम्ल जास्त झालं तर सुरुवातीला येणाऱ्या टॉरिन आणि ॲस्पार्टेटच्या पीक पसरतात. तसं दिसलं तर कॉलमला दोष देण्यापूर्वी नमुन्याचा पीएच पाहा.

प्रत्येक बॅचमध्ये कोरा नमुना हवाच: सीएसएफच्या जागी पाणी, बाकी सगळं तसंच. त्यात ग्लायसिन दिसलं तर ते शोधून काढल्याशिवाय रिपोर्ट सोडू नका. एक नेहमीचा गुन्हेगार त्याच टेबलावर असतो. प्रथिनांच्या जेलसाठी वापरायच्या ट्रिस-ग्लायसिन बफरमध्ये ग्लायसिन १९२ मिलिमोल असतं. त्याचा एक मायक्रोलिटर शिंतोडा एक मिलिलिटर सीएसएफमध्ये पडला तर ग्लायसिन १९२ मायक्रोमोलने वाढेल, म्हणजे निरोगी बाळाला एनकेएचचा शिक्का. पिपेट, बाटल्या आणि टेबल वेगळं ठेवा.

आयन-एक्सचेंज आणि निनहायड्रिनची पद्धत जुनी आहे. मूर, स्टाइन आणि स्पॅकमन यांनी १९५८ मध्ये ती यंत्रावर आणली. शरीरातल्या द्रवांसाठी लागणाऱ्या लिथियम प्रोग्रॅमला एका नमुन्याला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. तरीही ग्लायसिन, सेरीन, ग्लुटामिन, थ्रिओनिनसाठी माझा पहिला भरवसा तिच्यावरच. ५७० आणि ४४० नॅनोमीटरवरच्या उंचींचं प्रमाण प्रत्येक अमिनो आम्लाला ठरलेलं असतं. नवजातांना ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन चालूच असतं आणि या औषधांच्या पीकही निनहायड्रिनला रंग देतात. जागा जुळली पण प्रमाण जुळलं नाही, तर ती पीक त्या अमिनो आम्लाची नाही किंवा निर्भेळ नाही.

मानकाच्या तयार मिश्रणात ग्लुटामिन, ॲस्पराजिन आणि ट्रिप्टोफॅन बहुधा नसतात, कारण आम्लात ती टिकत नाहीत. ती त्याच दिवशी तोलून घालावी लागतात. प्लाझ्माच्या पातळीचं मानक लावून सीएसएफ वाचू नका. १० पट पातळ केलेलं वेगळं मानक चालवा आणि ग्लुटामिनसाठी नमुना वेगळा पातळ करा. ग्लुटामिन ५०० आणि ग्लुटामेट २, ही दोन टोकं एका रेषेत प्रामाणिकपणे बसत नाहीत.

ओपीए (अमिनो आम्लांना चमक देणारं रसायन) वापरून एचपीएलसी (दाबाखालच्या कॉलममधून घटक वेगळे करणं) करणार असाल तर अभिकर्मक असा: २७ मिलिग्रॅम ओपीए अर्धा मिलिलिटर मिथेनॉलमध्ये, त्यात पीएच ९.५ चं ०.४ मोलर बोरेट साडेचार मिलिलिटर, वर २० मायक्रोलिटर मरकॅप्टोइथेनॉल. अंधारात एक दिवस मुरू द्या. उत्तेजन ३४०, उत्सर्जन ४५० नॅनोमीटर. ग्लायसिन, गाबा आणि लायसिनची ओपीए-संयुगं मिनिटांत मोडू लागतात, म्हणून मिसळणं आणि इंजेक्शन यांतला वेळ ऑटोसॅम्पलरवर सोपवा, उदाहरणार्थ बरोबर २ मिनिटं. हाताने मिसळलेल्या मालिकेत पहिला आणि दहावा नमुना तुलना करण्याजोगे राहत नाहीत. सल्फोसॅलिसिलिक आम्ल इथे अडचण करतं. ते बोरेटचा पीएच ९ च्या खाली ओढतं आणि सगळ्याच पीक खुज्या होतात. या पद्धतीसाठी मिथेनॉलने प्रथिनं काढलेली बरी. प्रोलिन ओपीएला दिसत नाही, हे लक्षात असू द्या.

टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्री वेगवान आहे, पण सीएसएफमध्ये कॉलमशिवाय वापरू नका. वस्तुमानाच्या मापावर ग्लुटामिन १४७ वर आणि ग्लुटामेट १४८ वर येतं. निसर्गतः ग्लुटामिनचे ६ टक्क्यांच्या आसपास रेणू जड समस्थानिकामुळे १४८ वरच बसतात. त्यातला काही भागच ८४ च्या तुकड्यात मोजला जातो हे खरं, पण ५०० च्या मानाने तो भागही २ मायक्रोमोल खऱ्या ग्लुटामेटला झाकून टाकतो. लायसिनही १४७ वरच. १०४ वर गाबासोबत अमिनोब्युटिरिक आणि अमिनोआयसोब्युटिरिक आम्लं असतात. ९० वर ॲलानिन, बीटा-ॲलानिन आणि सार्कोसिन. वेळेने वेगळे केल्याशिवाय हे आकडे कशाचे आहेत हेच सांगता येत नाही.

पॅनेलमधलं बाकीचंही वाचा, फक्त ग्लायसिनवर थांबू नका. सेरीन फार महत्त्वाचं आहे, कारण त्याच्या कमतरतेवर उपचार आहे. जन्मतः लहान डोकं आणि झटके असलेल्या बाळात सीएसएफ सेरीन १५ च्या खाली असेल तर सेरीन तयार करणाऱ्या एन्झाइमचा दोष धरून एल-सेरीनचा विचार लगेच व्हायला हवा. इथे उपाशीपोटी नमुन्याची अट जीवघेणी महत्त्वाची आहे. दूध प्यायल्यावर प्लाझ्मा सेरीन नॉर्मलला टेकतं आणि निदान हुकतं. ॲस्पराजिन जवळजवळ दिसतच नसेल तर ॲस्पराजिन सिंथेटेजची कमतरता आठवा. त्यात प्लाझ्मा पुष्कळदा दिशाभूल करतो. ग्लुटामिन हजारापुढे असेल तर अमोनिया पुन्हा तपासा. तुलना नेहमी वयाच्या आकड्यांशी करा, कारण सीएसएफमधली बरीच अमिनो आम्लं पहिल्या वर्षात झपाट्याने उतरतात.

विद्यार्थ्याच्या प्रबंधाबद्दल स्पष्ट सांगतो: उणे २० वरच्या, न फिरवलेल्या जुन्या नमुन्यांत ग्लुटामेट आणि गाबा मोजू नयेत. ग्लुटामिन ५०० असताना त्यातलं फक्त अर्धा टक्का मोडलं तर अडीच मायक्रोमोल ग्लुटामेट नवीन तयार होतं, म्हणजे एकूण आकडा मूळच्या दुपटीहून जास्त. शेल्फवर जास्त काळ राहिलेल्या गटात ग्लुटामेट जास्त दिसेल आणि तो आजाराचा शोध वाटेल. गाबाचं त्याहून कठीण. मोकळा गाबा सीएसएफमध्ये नॅनोमोलमध्ये, प्रौढांत शंभरच्या आसपास असतो. त्याच पाण्यात होमोकार्नोसिनसारखी गाबा बांधून ठेवलेली संयुगं असतात. ती उबेत सुटतात आणि मिनिटामिनिटाला गाबा वाढत जातो. त्यासाठी नळी पलंगाशेजारीच कोरड्या बर्फात जावी लागते, प्रत्येक रुग्णाचा ठरावीक क्रमांकाचाच मिलिलिटर घ्यावा लागतो आणि गाबा वाढवणारं व्हिगाबॅट्रिन घेणारे रुग्ण वेगळे ठेवावे लागतात. निनहायड्रिन यंत्राला ही पातळी दिसतच नाही.

हा क्षेत्राने भोगलेला धडा आहे. १९८० मध्ये जर्मनीतल्या एका गटाने स्किझोफ्रेनियात सीएसएफ ग्लुटामेट कमी असल्याचं मांडलं. १९८२ मध्ये दोन वेगळ्या गटांना तसं काही सापडलं नाही. १९९० मध्ये एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या मज्जाविकाराबाबत एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात रॉथस्टीन यांच्या गटाने ग्लुटामेट वाढलेलं दाखवलं आणि पेरी यांच्या गटाने नॉर्मल. सीएसएफ ग्लुटामेटवरचा कुठलाही निबंध वाचताना मी आधी नमुना किती मिनिटांत आम्लात किंवा बर्फात गेला ते शोधतो, आकडे नंतर.

विद्यार्थ्याला विषय सोडावा लागणार नाही. नव्याने गोळा करायचे नमुने वर सांगितल्याप्रमाणे घ्यावेत. तुलनेचा गट ताप किंवा मेंदूज्वराच्या शंकेने पंक्चर झालेल्या आणि नंतर सीएसएफ निर्दोष निघालेल्या मुलांचा असेल, हे प्रबंधात उघड लिहावं. वयाने जोड्या लावाव्यात आणि शेवटच्या झटक्यापासूनचे तास नोंदवावेत. सुरुवातीला एकाच ताज्या नमुन्याचे सहा भाग करून ते ०, १५, ३०, ६०, १२० आणि २४० मिनिटं वॉर्डाच्या तापमानाला ठेवून मग गोठवावेत आणि ग्लुटामेट मोजावं. एका दुपारचं हे काम त्याच्या पुढच्या सगळ्या आकड्यांची मर्यादा ठरवून देईल. जुन्या नमुन्यांपैकी जे स्वच्छ होते, एकदाच वितळले आणि ज्यांच्या शेजारच्या नळीत ५०० पेक्षा कमी तांबड्या पेशी होत्या, त्यांत ग्लायसिन आणि सेरीन खुशाल मोजावं. सोबतचा प्लाझ्मा त्याच वेळचा असेल तर गुणोत्तरही.